गिअर कडक आणि ऑइल १४०: चांदूर बाजार तालुक्यातल्या एका व्हॅनचं प्रकरण

आधी गाडी सांगतो. सात सीटची पांढरी पेट्रोल व्हॅन, इंजिन पुढच्या सीटखाली, ड्राइव्ह मागच्या चाकांवर, पाच गिअर. आपल्याकडं तालुक्याच्या गावात दर दुसऱ्या गल्लीत उभी असते तीच. कंपनीचं नाव घेत नाही कारण यात कंपनीचा काही दोष नाही. मालक माझा मावसभाऊ, अमरावती जिल्ह्यात चांदूर बाजार तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. सकाळी शाळेची पोरं, दुपारी संत्र्याचे क्रेट नाहीतर बाजाराचं भाडं, आणि रविवारी कोणी गिऱ्हाईक भेटलं तर परतवाड्यावरून चिखलदरा. म्हणजे एकाच गाडीनं थंडगार सुरुवात, शंभरदा थांबणं-निघणं, लोड आणि घाट, सगळंच. माझं परतवाड्यात स्पेअर पार्ट अन ऑइलचं दुकान आहे म्हणून हे माझ्याकडं आलं.

तक्रार डिसेंबरची. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीचे दिवस, गाडीला एक दिवस सुट्टी नाही, आणि नेमका तेव्हाच दुसरा गिअर अडायला लागला. फोनवर त्याचं म्हणणं असं, "दादा, सकाळी पयल्यातून दुसरा पडतच नाई ना. जोर केला का खर्रर्र करते. पोरं हासतेत मले." दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालली की सुधारते, पण घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात आणताना पुन्हा तेच खर्रर्र, तेव्हा तर गाडी चांगली तापलेली असते. हे शेवटचं वाक्य त्यानं सहज बोलून टाकलं पण पुढं सगळं प्रकरण त्याच वाक्यावर फिरलं, सांगतो.

तोवर गावातले सल्ले देऊन झाले होते. एक मिस्त्री म्हणे क्लच प्लेट गेली, टाकून घे. दुसरा म्हणे गिअरबॉक्स उतरवा, दुसऱ्याची पितळी रिंग गेली. तिसऱ्यानं एक लहानशी बाटली आणून दिली, ही ऑइलमध्ये ओता, लोण्यासारखा गिअर पडते. माझं मत विचाराल तर ह्या बाटल्यांवर माझ्या दुकानातच चांगला नफा सुटतो, तरी सिंक्रोवाल्या, म्हणजे गिअर पडताना आतल्या आत वेग जुळवून घेणाऱ्या, गिअरबॉक्ससाठी कोणी मागितली की मी देत नाही. का ते पुढं येईलच.

पहिले क्लचचा संशय काढायचा, कारण क्लच नीट सुटत नसेल तर जगातलं कोणतंही ऑइल टाका, गिअर अडणारच. याला काही मशीन लागत नाही. इंजिन बंद ठेवून पाचही गिअर टाकून पाहिले, मऊ पडले, म्हणजे लिव्हर, केबल, बुश यांच्यात अडकत नाही. मग इंजिन चालू, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. रिव्हर्सला बऱ्याच गिअरबॉक्समध्ये सिंक्रो नसतो, त्यामुळं आतले शाफ्ट खरोखर थांबले असतील तरच तो गुपचूप पडतो. क्लच घासत असेल तर थांबूनसुद्धा खर्र करतो. इथं गुपचूप पडला. क्लच बरी. प्लेटचे पैसे वाचले तिथंच.

तिसरी तपासणी चालत्या गाडीत केली. घाटात तिसऱ्यातून खाली दुसरा टाकताना डबल क्लच मारायला लावला, म्हणजे क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून जरा रेस, पुन्हा क्लच दाबून दुसरा. जुने ट्रकवाले करायचे तसं. अन गिअर अलगद पडला. याचा अर्थ सरळ आहे. डबल क्लचमध्ये वेग जुळवायचं काम ड्रायव्हर करतो, सिंक्रोला फार काम उरत नाही. ड्रायव्हरनं केलं तर जमतं आणि सिंक्रोवर सोडलं तर जमत नाही, मग अडचण सिंक्रोच्या पकडीत आहे.

आता ही पकड म्हणजे काय हे दोन मिनिटं समजून घेतलं तर पुढचं ऑइलचं गणित आपोआप कळतं. प्रत्येक गिअरच्या बाजूला एक शंकूसारखी गुळगुळीत कड असते आणि तिच्यावर एक पितळी रिंग बसते, आतून बारीक आट्यासारखे खाचे असलेली. लिव्हर ढकलला की स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवरचं सरकणारं दातेरी कडं, त्या रिंगला शंकूवर दाबते, रिंग घासून घासून दोघांचा वेग सारखा करते, आणि वेग जुळल्यावरच दात दातात जातात. चालत्या एसटीत चढायचं तर आधी तिच्या वेगानं धावावं लागतं, तसंच. पण रिंगला घासायचं असेल तर मधला ऑइलचा थर आधी कापला पाहिजे, ते खाचे त्यासाठीच असतात. ऑइल फार जाड असलं तर थर लवकर बाजूला होत नाही, रिंग वरच्यावर तरंगते. आणि ऑइल पातळ असूनही फार घसरं असलं तर थर कापला तरी पकड बसत नाही. दोन वेगवेगळे आजार आहेत हे, दिसतात सारखे. गिअरबॉक्सच्या ऑइलचं हेच विचित्र काम आहे, दाताला आणि बेअरिंगला घसरं पाहिजे, अन रिंगला जरा घासणारं पाहिजे, एकाच वेळी, एकाच डबक्यात. ती घसरं करणारी बाटली ओतली की रिंगची उरलीसुरली पकडही जाते, म्हणून मी देत नाही.

मग मी विचारलं, शेवटचं गिअर ऑइल कधी बदललं अन कोणतं टाकलं. तो म्हणे उन्हाळ्यात, मे महिन्यात, गिअरबॉक्सच्या मागून, जिथं प्रोपेलर शाफ्ट आत जातो तिथून ऑइल गळत होतं, तर रस्त्यावरच्या एका गॅरेजवाल्यानं बदलून दिलं. कोणतं? "ते काय मालूम ना मले. भारीतलं टाकलं म्हने." बिल नाही, नोंद नाही. गाडीवाल्याला बियाण्याच्या बॅगवरचा लॉट नंबर पाठ असतो पण गाडीत कोणतं तेल आहे ते माहीत नसतं, हे दुकानात मी रोज पाहतो.

नशीब असं की उरलेलं ऑइल त्यानं कॅनसकट मागच्या सीटखाली ठेवलं होतं. चिंध्या, जॅकचा दांडा, पोराचं एक तुटलेलं पाण्याचं झाकण, आणि त्यात हा कॅन, तेलकट, त्याच्यावर लाल मातीचा लेप बसलेला. अंगठ्यानं पुसून मोबाइलच्या टॉर्चमध्ये पाहिलं तर ८५डब्ल्यू-१४०, म्हणजे जाडीचा नंबर, आणि खाली एपीआय जीएल-५, म्हणजे ऑइल कोणत्या गिअरसाठी आहे तो वर्ग. तेच गिअरबॉक्समध्ये, तेच मागच्या हौजिंगमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गोळ्यात. एक कॅन, दोन भोकं, काम खलास.

गॅरेजवाल्याचा हेतू वाईट नव्हता हे मी कबूल करतो. त्याचा हिशोब आपल्याकडच्या सगळ्यांचाच आहे: गळते तर जाड टाका, जाड म्हणजे जास्त नंबर, जास्त नंबर म्हणजे भारी, आणि जीएल-५ हे जीएल-४ च्या पुढचं म्हणजे आणखी भारी. ह्या हिशोबातल्या बहुतेक पायऱ्या चुकीच्या आहेत. एकेक पाहू.

पहिले नंबर. लोकांना वाटतं गिअरचं ९० म्हणजे इंजिनच्या ४० च्या दुपटीहून जाड. तसं नाही. इंजिन ऑइलचे आकडे वेगळ्या पट्टीवरचे आणि गिअर ऑइलचे वेगळ्या. गिअरचं ९० हे १०० डिग्रीला १३.५ ते १८.५ सेंटिस्टोकच्या (जाडी मोजायचं माप) मधात असतं, म्हणजे इंजिन ऑइलच्या ४०-५० च्या आसपासच. १४० मात्र २४ पासून सुरू होतं. म्हणजे तापलेल्या गिअरबॉक्समध्येही ते ९० पेक्षा जवळपास दीडपट ते दुप्पट जाड. आणि थंडीत फरक आणखी फाकतो. ४० डिग्रीला चांगल्या ७५डब्ल्यू-९० च्या मानानं ८५डब्ल्यू-१४० साधारण तिप्पट जाड भरतं, आणि डिसेंबरात आपल्याकडं सकाळी दहा-बारा डिग्री असते तेव्हा तर विचारूच नका. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो. ७५डब्ल्यू उणे ४० पर्यंत, ८०डब्ल्यू उणे २६ पर्यंत आणि ८५डब्ल्यू उणे १२ पर्यंत ठरावीक मर्यादेत राहिलं पाहिजे असा तो नियम आहे. लोक म्हणतात आपल्या विदर्भात कुठं उणे ४० होते, इथं ४५ डिग्रीत माणसं भाजतात, मग ७५डब्ल्यू कशाला? बरोबर, उणे ४० होत नाही. पण जे ऑइल उणे ४० लाही मर्यादेत राहतं ते दहा डिग्रीला सहज वाहतं, आणि शेवटचा आकडा ९० असल्यामुळं मे महिन्यात घाटातही ते ९० सारखंच राहतं. दोन्ही टोकं सांभाळली जातात, अन आपल्याकडं दोन्ही टोकं आहेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात येत नाही लोकांच्या. मीटरवर इंजिन गरम दाखवलं म्हणजे गिअरबॉक्स गरम झाला असं नाही. इंजिनमध्ये पेट्रोल जळते, गिअरबॉक्स फक्त आपल्या घर्षणानं आणि शेजारच्या इंजिनच्या झळेनं तापतो, फार सावकाश. शाळेच्या फेरीत तो अर्धा वेळ थंडच असतो. म्हणून "दहा किलोमीटर चालली का मंग ठीक होते" ह्या एका वाक्यावरून मला जाडीचा संशय आला होता, कॅन नंतर सापडला.

पण मग घाटात, तापल्यावरसुद्धा, तिसऱ्यातून दुसरा का खर्र करतो? नुसती जाडीच कारण असती तर तापल्यावर तक्रार गेली पाहिजे होती. कमी झाली, गेली नाही. इथं जीएलचा विषय येतो.

जीएल-४ आणि जीएल-५ ह्या काही पहिली-दुसरी इयत्ता नाहीत. जीएल-५ हे हायपॉइड गिअरसाठी आहे, म्हणजे आपल्या मागच्या हौजिंगमधलं क्राऊन-पिनियन, मोठं दातेरी चाक अन त्याला फिरवणारं लहान. तिथं पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसून खाली सरकवलेला असतो, त्यामुळं दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, लांबीनं घसरतात, प्रचंड दाबाखाली. तिथं साधा ऑइलचा थर फाटतो, म्हणून गंधक आणि फॉस्फरसची एक्स्ट्रीम प्रेशर रसायनं टाकतात जी गरम लोखंडावर एक पातळ आवरण तयार करतात. जीएल-५ मध्ये ही रसायनं जीएल-४ च्या मानानं ढोबळमानानं दुप्पट. हौजिंगला हे अमृत आहे. गिअरबॉक्समध्ये दात सरळ किंवा तिरपे असतात, एवढी घसरण नाही, तिथं एवढ्याची गरज नाही, उलट पितळी रिंगेच्या पकडीत ते आडवं येतं. आणि गंधक तांब्याच्या मिश्रधातूंना लागतं, पितळ त्यातच आलं. आता प्रत्येक जीएल-५ आज टाकलं अन उद्या रिंग खाल्ली असं नाही होत, काही कंपन्या गंधक जरा शांत ठेवतात, काही गाड्यांचे गिअरबॉक्स मुळातच जीएल-५ वर चालायला बनवलेले आहेत. पण मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलेल्या सिंक्रोवाल्या बॉक्समध्ये जीएल-५ टाकणं याला सुधारणा म्हणत नाहीत. उलटं, म्हणजे हौजिंगमध्ये जीएल-४ टाकणं, हे तर त्याहून वाईट, तिथं दात खरवडले जातात अन मग मागून हुंऽऽ असा आवाज येत राहतो, तो काही बंद होत नाही.

कॅनवर कधीकधी जीएल-४/जीएल-५ असं दोन्ही छापलेलं असतं. ते पाहून लोक खूश होतात, एकात दोन. मी म्हणतो, दोघांच्या गरजाच उलट्या आहेत, तर दोघांना एकच कसं चालेल? वाहनाच्या कंपनीनं स्वतः तसं सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. एमटी-१ असंही छापलेलं दिसेल, ते बिनसिंक्रोच्या अवजड ट्रक-बसच्या गिअरबॉक्ससाठी असतं, व्हॅनशी त्याचा संबंध नाही.

ऑइल काढायच्या दिवशी गाडी आधी वीसेक किलोमीटर फिरवून आणली, गरम ऑइल गाळासकट खाली येतं. आणि एक नियम, जो मी शिकणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी सांगतो: खालचा ड्रेन प्लग उघडायच्या आधी वरचा फिलर प्लग उघडून पाहायचा. खालचा उघडला, ऑइल सगळं गेलं, आणि वरचा गंजून जाम निघाला तर गाडी बिनऑइलची जागेवर बसते. वरचा उघडला तर ऑइल भोकाच्या कडेपर्यंत पाहिजे होतं, बोट घातलं तर पहिल्या पेराच्याही खाली लागलं. म्हणजे जाड टाकूनही गळती थांबली नव्हतीच. जाड ऑइल सील बरं करत नसतं, आठ-पंधरा दिवस हळू गळतं आणि माणसाला वाटतं थांबलं.

निघालेलं ऑइल घरच्या एका जुन्या स्टीलच्या परातीत घेतलं आणि उन्हात धरलं. काळपट, मधासारखं संथ, आणि परात जरा कलती केली की पृष्ठभागावर सोनेरी चमक सरकत होती, शिमरच्या साडीसारखी नाही, बारीक, अगदी धूळ. स्पीकरमधला जुना लोहचुंबक पिशवीत गुंडाळून फिरवला. करडा चिखल चुंबकाला लागला, तो लोखंडाचा, तेवढा तर कोणत्याही गिअरबॉक्समध्ये असतोच, बारीक लोण्यासारखा असेल तर काळजी नाही, टोचणारे तुकडे असतील तर काळजी. सोनेरी धूळ मात्र चुंबकाला शिवलीच नाही, परातीतच राहिली. म्हणजे पितळ. रिंग घासलेली आहे, किती ते उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि घासण्यातला किती वाटा जीएल-५ चा, किती १४० चा, किती कमी लेव्हलचा, किती ह्या भावाच्या घाईघाईत लिव्हर ओढण्याचा, हेही परातीत पाहून सांगता येत नाही. कोणी सांगत असेल तर तो विकतोय काहीतरी. दुसऱ्या गिअरचीच रिंग आधी का जाते हे मात्र सांगता येतं: पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधातलं वेगाचं अंतर सगळ्यात मोठं, आणि घाटात तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना आतला सगळा सरंजाम एकदम वेगात आणायचा असतो, तो भार त्या एका रिंगेवर.

मग टाकायचं काय. यावर तिथं चांगलीच बैठक जमली, परात मधात, अन भोवती चार जण.

एकजण म्हणे ट्रॅक्टरचं टाका, घरात ड्रम आहे. नाही. ट्रॅक्टरचं ते ऑइल गिअर, हायड्रॉलिक आणि तेलातले ब्रेक ह्या तिन्हींसाठी मिळून केलेलं असतं, ट्रॅक्टरला उत्तम, इथं ते कंपनीनं सांगितलेलं नाही. दुसरा म्हणे एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, टाका, लाल असते, शहरात एका गाडीत टाकलेलं पाहिलं. खरं आहे, काही गाड्यांच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला एटीएफच लागतं, काही जुन्या गाड्यांना तर इंजिन ऑइल सांगितलेलं असतं, मोटरसायकलमध्ये इंजिन अन गिअर एकाच ऑइलवर असतात. पण ते त्या बॉक्सच्या बेअरिंग आणि फटी पाहून ठरवलेलं असतं. मावसभाऊ स्वतः वेगळ्याच टोकाला, "दादा, ७५डब्ल्यू-८० टाकू का मंग? आनखीन पातळ, आनखीन मऊ पडन ना." हा प्रश्न खरा हुशारीचा होता. काही गाड्यांना ७५डब्ल्यू-८० च सांगितलेलं असतं आणि त्यांना तेच टाकावं. पण ज्याला ९० सांगितलंय त्याला ८० टाकलं तर सकाळी मजा वाटेल, आणि मे महिन्यात सात माणसं अन वर सामान घेऊन अकराशे मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा चढ चढताना तापलेल्या बॉक्समध्ये दातांमधला थर पातळ पडेल, आवाज वाढेल, बेअरिंगचं आयुष्य कमी होईल. मऊ पडणं हाच एक निकष धरला तर माणूस चुकतो. सगळ्यात मऊ पडणारं ऑइल आणि योग्य ऑइल एकच असतील असं काही नाही.

शेवटी डॅशबोर्डच्या खणातून मॅन्युअल काढलं. वर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच्या तसं, एकदाही उघडलेलं नाही. गिअरबॉक्सला ७५डब्ल्यू-९० जीएल-४, हौजिंगला हायपॉइड गिअर ऑइल जीएल-५. चर्चा तिथं संपली. ७५डब्ल्यू-९० महाग पडतं, मिनरल ८०डब्ल्यू-९० च्या मानानं बऱ्याचदा दुपटीच्या आसपास जातं, कारण ७५डब्ल्यू साधण्यासाठी बहुतेक वेळा सिंथेटिक किंवा सेमी सिंथेटिक बेस लागतो. पण हे ऑइल वर्षानुवर्षांतून एकदा बदलायचं असतं, महिन्याला नाही, अन व्हॅनच्या बॉक्सला लागतंही थोडंच. ८०डब्ल्यू-९० जीएल-४ टाकलं असतं तरी १४० पेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडला असता, पैशाची फारच ओढाताण असेल तर मी तेही चालवून घेतो, फक्त जीएल-४ पाहून घ्यायचं. सिंथेटिक का मिनरल यापेक्षा जीएलचा आकडा अन जाडी आधी.

मागचा सील नवीन टाकला, तो बसवायच्या आधी शाफ्टच्या योकवर, म्हणजे सीलमधून आत जाणाऱ्या टोकावर, सीलची रेघ पडलीय का ते नखानं पाहिलं, पडली असती तर नवा सीलही गळला असता. ड्रेन प्लगचं वॉशर नवं. गाडी सपाट जागेवर, चारही चाकं एका लेव्हलला, आणि फिलरच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंत भरलं. पंप नसेल तर सलाइनची नळी अन वर टांगलेली बाटली, आपल्याकडं सगळे तसंच भरतात, वाईट काही नाही, नळी स्वच्छ असावी. हौजिंगचं वेगळं, त्याला जीएल-५ ८०डब्ल्यू-९०, तिथूनही १४० काढून टाकलं. आणि वरचा ब्रीदर, ती हवा ये-जा करायची बारीक टोपी, ती साफ केली, कारण पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गाडी काढली की गरम बॉक्समधली हवा थंड पाण्यात एकदम आकसते आणि ब्रीदर किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. असं पाणी गेलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. ह्या गाडीत तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "दादा, दुसरा पडला ना बे आवाजच नाई! लिव्हर अर्धा हलका झाला." थंडीतली तक्रार पहिल्याच सकाळी गेली, म्हणजे जाडीचा हिस्सा तो होता आणि तो निघून गेला. घाटातली तक्रार तेवढी झटक्यात गेली नाही. पहिल्या रविवारी चिखलदऱ्याला जाताना घाईत उतरवला तर हलकासा खर्र होताच. बॉक्समधलं जुनं ऑइल पूर्ण निघत नाही, कोपऱ्यात, बेअरिंगमध्ये, दातांवर राहतंच, आणि त्या रसायनांचं आवरणही एका दिवसात झिजत नाही. पुढच्या काही आठवड्यांत आवाज आणखी कमी होत गेला पण पूर्ण शून्य झाला नाही. जो उरला तो रिंगेच्या झिजण्याचा, असं मी धरतो. घासलेलं पितळ कोणतंही ऑइल परत आणत नाही.

त्याला मी सवयही बदलायला लावली. थंड असताना पहिल्या दोन-तीन किलोमीटरात लिव्हर ओढायचा नाही, दोन बोटांनी दाबून धरायचा, रिंगेला तिचा वेळ मिळाला की आपोआप आत जातो. घाटात दुसरा टाकायचा तर आधी वेग उतरू द्यायचा, चाळीसवर असताना खाली ओढायचा नाही. आणि लिव्हरवर हात ठेवून गाडी चालवायची नाही, त्यानं स्लीव्ह सरकवणारा आतला फोर्क तिच्यावर घासत राहतो. हात ठेवायची सवय मात्र अजून गेली नाही त्याची, म्हणतो तिथं हात ठेवला का बरं वाटते.

गॅरेजवाल्याशीही बोलून आलो, भांडायला नाही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं अन म्हणाला, "तुमचं बरोबर असन भाऊ, पन गिऱ्हाईक एकशेचाळीसच मागते. नव्वद सांगतलं का म्हनते हलकं टाकून रायला." यावर माझ्याकडं काही उत्तर नाही, कारण माझ्या काउंटरवरही हेच होतं. आता मी एक करतो, ऑइल देताना कॅनच्या झाकणावर मार्करनं लिहून देतो, गिअरबॉक्स ४, हौजिंग ५. आणि ऑइल बदललं की मीटरचा आकडा अन ऑइलचा ग्रेड एका चिठ्ठीवर लिहून ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगतो. मावसभावाच्या गाडीला चिकटवली आहे.

एप्रिलअखेर शाळा सुटल्या की फिलर उघडून लेव्हल पाहायची ठरलंय. तेव्हा थोडं ऑइल पुन्हा परातीत काढून उन्हात धरू. सोनेरी चमक आधीपेक्षा कमी असेल आणि घाटातला आवाज इतकाच असेल तर बॉक्सला हात लावायचा नाही, असंच चालू द्यायचं. वाढली असेल तर मृगाच्या आधी बॉक्स उतरवून दुसऱ्याची रिंग टाकायची, सोबत तिसऱ्याचीही, कारण उतरवायची मजुरी दोनदा द्यायची नाही.